वरकसातली जाळी

सातबाराच्या उताऱ्यावर भातजमीन असते, बागायत असते, वरकस असते, पोटखराबा असतो. करवंदाची जाळी नसते. मालवण तालुक्यातल्या एखाद्या गावाचा सडा कागदावर पाहिला तर गट क्रमांक आणि हेक्टर-आर दिसतात. पायाखाली घेतला तर काळ्या कातळात जागोजाग छातीइतक्या उंचीच्या, आत हात घालता येणार नाही अशा हिरव्या जाळ्या दिसतात. तलाठ्याने त्या लिहिलेल्या नाहीत आणि त्याही तलाठ्याला विचारून उगवलेल्या नाहीत. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन, अगदी दाट झुडपांचीसुद्धा, पडीक याच सदरात मोजली जाते. जाळी कितीही घट्ट होवो, हिशेबात ती पडच.

अशी जाळी मुद्दाम उभी करावी, तीही आपल्यासाठी कमी आणि ससा, कांडेचोर, बुलबुल यांच्यासाठी जास्त, हा विचार आपल्याकडे अजून जरा विचित्र वाटतो. झाडे लावणे हे पुण्य, बाग लावणे हा व्यवहार. काटे कोण लावतो? महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटींपासून सुरू झालेली सरकारी वृक्षलागवड २०१९ मध्ये तेहतीस कोटींच्या लक्ष्यापर्यंत गेली. त्या सगळ्या आकड्यांत मोजमापाचे एकक एकच होते: रोप. एका सरळ खोडाचे, एका खड्ड्यातले, फोटोत मावणारे. जाळीत नेमकी किती झाडे आहेत हे जाळीलाही सांगता येणार नाही. म्हणून ती अशा मोहिमांच्या बाहेर राहिली, आणि मला वाटते हे तिचे भाग्यच.

सडा म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही, घाटावरच्याला थोडे सांगावे लागते. समुद्रापासून काही अंतरावर जमीन एकदम उचलली जाते आणि वर सपाट होते. ते पठार जांभ्याचे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात अंगाडिपुरमजवळ लोक हा दगड विटांसारखा कापून घेताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याला शास्त्रीय नाव दिले. इथले पाथरवट त्याचे चिरे बुकाननच्या आधीपासून काढत होते आणि आजही काढतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस या कातळावर कोसळतो आणि जवळजवळ सगळा वाहून जातो. चार महिने सडा हिरवागार, पाण्याने लखलखता. मग आठ महिने तापलेला. माती फक्त भेगांत, खळग्यांत आणि कडेच्या उतारावर. करवंद उगवते ते तिथेच.

हा सडा रिकामा आहे ही समजूत फार जुनी. रिकामा म्हणून त्यावर चिरेखाणी पडतात, सुरुंग लावून हापूसचे खड्डे होतात, आणि परुळे-चिपीच्या सड्यावर विमानतळ होतो. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला. विमानतळ नको असे माझे म्हणणे नाही. मुंबईहून गणपतीला येणाऱ्याला तो हवाच असतो. पण 'तिथे काही नव्हते' हे वाक्य दर वेळी ज्या सहजतेने बोलले जाते त्याला माझा आक्षेप आहे. या समजुतीला पहिला मोठा धक्का कातळशिल्पांनी दिला. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कोणी तरी कोणे एके काळी आडव्या कातळात मोठमोठ्या आकृत्या कोरल्या. रत्नागिरीतल्या बारसू, देवाचे गोठणे, उक्षी अशा ठिकाणांबरोबर कुडोपीही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे. दुसरा धक्का वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिला. अपर्णा वाटवे आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले, की या उघड्या कातळावर पावसाळ्यात जी चिमुकली फुले येतात त्यांतली कित्येक जगात इतरत्र कुठेच नाहीत. दिपकाडी हा कंद त्यांतलाच एक. पहिल्या पावसानंतर त्याची पांढरी फुले कोकणच्या सड्यांवरच फुलतात.

जाळीला असा कोणी वकील मिळालेला नाही. ती ना प्राचीन, ना दुर्मीळ. चरकाने हृदयाला मानवणाऱ्या दहा फळांचा जो गण सांगितला आहे त्यात आंबा, अंबाडा, बोर, डाळिंब यांच्या पंगतीला करमर्द आहे, एवढीच काय ती तिची शास्त्रातली प्रतिष्ठा. बाकी प्रतिष्ठा मे महिन्यातली: एसटी स्टँडवर आणि आठवड्याच्या बाजारात पानांच्या खोल्यात भरून विकली जाणारी डोंगरची काळी मैना. पण खोला विकत घेणाऱ्याला जाळीचे एकच फळ दिसते. उरलेले अकरा महिने तिच्यात काय चालते ते पाहायला जाळीबाहेर बरेच गुपचूप बसावे लागते, आणि फुरशाची भीती असल्याने सहसा कोणी बसत नाही.

बसले तर दिसते ते असे. पावसाळा संपल्यावर जाळीच्या बुडाशी वाळक्या पानांचा थर साठतो. वर दाट सावली, खाली ओल, आणि चारी बाजूंनी काटे. करवंदाचा काटा पेराला जोडीने येतो, पुष्कळदा टोकाला दुभंगतो, आणि फांदी मोडली की चिकट दूध येते. त्यामुळे गाय-बकरी आत तोंड घालत नाही. बिबट्या आणि कुत्राही सहसा घुसत नाहीत. ससा दिवसभर तिथे पडून राहतो. लाव्ह्यांचा थवा पायाखालून भर्रकन उडतो तोही तिथूनच. घोरपड, मुंगूस, क्वचित साळिंदर. मधल्या फांद्यांत बुलबुल घरटे करतो. कावळ्याला आणि शिक्र्याला तिथवर पोचणे अवघड. हिवाळा सरताना पांढरी चांदणीसारखी फुले येतात, त्यांचा वास संध्याकाळी जास्त जाणवतो आणि पतंग येतात. मग हिरवी फळे, मग गुलाबी, मग काळी. कोकीळ, मैना, बुलबुल दिवसा खातात. रात्री कांडेचोर येतो, कोल्हा येतो, डुक्कर खाली पडलेली वेचते.

खाणारेच पेरणारे असतात, हे या सगळ्याचे मर्म. बुलबुल फळ खातो आणि दुसऱ्या जाळीवर जाऊन बसतो. बी तिथे पडते. कांडेचोराला उघड्या, सपाट दगडावर विष्ठा टाकायची सवय. सड्यावर मे महिन्यात चाललात तर अशा काळ्या बियांच्या राशी कातळावर दिसतात. त्यांतल्या बहुतेक उन्हात वाळून मरतात. पहिल्या पावसाने काही वाहून भेगेत जातात, आणि पुढची जाळी त्या भेगेत सुरू होते. बिया फक्त करवंदाच्याच नसतात. तोरणाच्या असतात, अटकाच्या, जांभळाच्या. जाळीवर बसलेल्या पाखराने टाकलेले जांभळाचे बी जाळीच्या बुडाशी, सावलीत, पानांच्या खतात आणि गुरांच्या तोंडापासून दूर रुजते. उघड्या वरकसात तेच रोप पहिल्याच उन्हाळ्यात मेले असते किंवा पहिल्याच बकरीने खाल्ले असते.

जगात हे अनेकांनी पाहिले आहे. इंग्लंडच्या जुन्या रानांत काटेरी झुडपाला ओकची आई म्हणत, कारण तिथेही ओकचे रोप हरिणापासून वाचायचे ते काट्यांच्या आतच. डच पर्यावरणतज्ज्ञ फ्रान्स व्हेरा यांनी २००० साली आलेल्या आपल्या ग्रंथात हाच धागा धरून युरोपातल्या जुन्या अरण्याचे चित्र नव्याने मांडले, आणि त्यावर अजून वाद चालू आहे. यारन्टन आणि मॉरिसन या दोघांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या वाळूच्या टेकड्यांवर दाखवले, की जंगल सगळीकडून एकदम येत नाही. एकेका झुडपाभोवती बेट तयार होते, बेटे पसरतात आणि एकमेकांना भिडतात. कातळाच्या बाबतीत तर हे डोळ्यांनी दिसते.

अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात हेच काम रानटी आलुबुखार करतो. त्याच्या मुळांतून फुटवे येतात, एका झाडाचे दहा वर्षांत गच्च बन होते, आणि त्या बनात बॉबव्हाइट नावाचा तिकडचा लाव्हा आसरा घेतो. शेती पसरली, कुंपणालगतची बने तोडली गेली, लाव्हे कमी झाले. मग शिकारी आणि शेतकरी दोघांनाही ती बने पुन्हा लावावीशी वाटली. १९३४ मध्ये, धुळीच्या वादळांनी अमेरिकेचा मध्यभाग होरपळत असताना, रूझवेल्ट सरकारने नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत झाडांचे पट्टे लावायला घेतले. १९४२ पर्यंत त्यांत बावीस कोटींच्या आसपास झाडे गेली. त्या पट्ट्यांच्या बाहेरच्या ओळींत उंच झाडांऐवजी झुडपे असत, आणि आलुबुखार त्यांत हमखास. वाऱ्याला पहिला अडथळा झुडपाचा, हे तिथल्या वनखात्याने ओळखले होते. आपल्या सामाजिक वनीकरणाने मात्र कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि किनाऱ्याला सुरू लावले. दोन्ही उभी राहिली, दोन्ही सरळ वाढली, आणि सुरूच्या बनाखाली गेलात तर सुयांच्या गालिच्याखेरीज फारसे काही दिसत नाही. मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांना १९८७ पासून सागरी अभयारण्याचे संरक्षण आहे. किनारा चढून वर आलात की संरक्षण संपते.

मग जाळी उभी कशी करायची? इथे अमेरिकेचा अनुभव अर्धाच कामाला येतो. आलुबुखाराचे बी थंडीचे तीन-चार महिने झोपल्याशिवाय उगवत नाही, त्यामुळे ते साठवता येते, पोस्टाने पाठवता येते. करवंदाचे बी उलट स्वभावाचे आहे. ते थांबत नाही. पिकलेल्या फळातून काढले, गर धुतला, की लगेच पेरावे लागते. वाळवून डब्यात ठेवले तर थोड्याच दिवसांत त्याची उगवण घसरते. म्हणजे काम मे अखेरीला, पाऊस तोंडावर असताना. गादी वाफ्यावर किंवा पिशवीत पेरावे. रोप सावकाश वाढते, म्हणून पुढच्या वर्षीच्या मिरगापर्यंत ते रोपवाटिकेत राहिलेले बरे. फाटे कलम सहज मूळ धरत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात दिली आहे. बागेच्या कुंपणाला आणि लोणच्याला ती उत्तम. रानासाठी मात्र मी गावच्याच सड्यावरच्या वेगवेगळ्या जाळ्यांतले मिसळ बी घेईन. कुठली जाळी लवकर पिकते, कुठली उशिरा, कुठली गोड, कुठली घशाला धरणारी. पाखरांना हंगाम जितका लांबेल तितका बरा, आणि एकाच जातीची जाळी एकाच आठवड्यात संपते.

रोप लावण्यापेक्षाही एक गोष्ट स्वस्त आहे आणि ती बहुतेक ठिकाणी पुरते: आहे ती जाळी तोडायची नाही आणि जाळायची नाही. करवंद तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, वणव्यानंतरही फुटते. पण तिच्या पोटातले जांभळाचे, किंजळाचे, ऐनाचे रोप वणव्यात जळते ते कायमचे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सड्यावर गवताला काडी लावली जाते. कुठे नवे गवत यावे म्हणून, कुठे काजूची बाग साफ करताना, कुठे उगाच. पावसाळा संपता संपता जाळ्यांच्या भोवती दोन-तीन हात रुंदीच्या पट्ट्यातले गवत कापून टाकले तर पुढचे काम आपोआप होते. उघड्या जागी पाखरांना बसायला काही नसेल तर दोन-चार वाळक्या फांद्या भेगेत रोवून ठेवाव्यात. बुलबुलाला त्या पुरतात, आणि त्यांच्या खाली काय उगवते ते पुढच्या पावसात पाहावे.

आणि कुठे लावायचे नाही हेही तितकेच ठरवावे लागते. सड्याचा मोकळा कातळ मोकळाच राहिला पाहिजे. दिपकाडीला आणि पावसाळी डबक्यांतल्या कीटकभक्षी वनस्पतींना करवंदाची सावली नको आहे. त्या कातळावर माती आणून ओतायची आणि रोपे लावायची, हा उत्साह खाणीइतकाच वाईट. जाळीची जागा भेगांत, उतारावर, गडग्याच्या पायथ्याशी, व्हाळाच्या काठाने. म्हणजे ती जिथे पूर्वी होती तिथेच.

आता खरा आक्षेप. तो पुस्तकातल्या पर्यावरणवाद्यापुढे येत नाही. भाताला पोटरी आलेल्या शेतकऱ्यापुढे येतो. 'ही जाळी रवली तर डुकर खंय रवतले? हयच ना?' हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो चुकीचा नाही. रानडुक्कर दिवसा जाळीत झोपते आणि रात्री शेतात येते. माकडांनी तर परसातले भोपळे आणि नारळ यांच्या बाबतीत लोकांचे हात टेकवले आहेत. कित्येकांनी वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, सोडून दिले. जंगली जनावरांसाठी घर बांधा असे त्यांना सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणे. म्हणून शेताला लागून नवी जाळी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळी सड्याच्या वरच्या अंगाला, गावापासून दूर असावी. जनावरांना तिथे पाणी आणि फळे असतील तर ती खाली येणारच नाहीत असे नाही. पण वरचे सगळे काजूखाली गेले, तर त्यांना खाली येण्याखेरीज दुसरे उरत नाही.

सापाचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. कोकणच्या सड्यावर फुरसे विपुल, आणि त्याची भीती निराधार नाही. मालवण पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होते (सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी). त्या रत्नागिरीत १८६२ च्या डिसेंबरात इंग्रज सरकारने फुरशामागे बक्षीस ठेवले, तेव्हा आठवडाभरात एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. पुढे कित्येक वर्षे हे बक्षीस कमी-जास्त दराने चालू राहिले. फुरसे अजून आहे. ते जाळीत असते तसे गडग्यात असते, चिऱ्यांच्या ढिगात असते, गवतातल्या दगडाखाली असते. जाळी तोडून ते जात नाही. उलट त्याला खाणारे मुंगूस आणि पक्षी ज्या आडोशाला राहतात तो आडोसा जातो. मे महिन्यात करवंदे काढणाऱ्या बायका काठीने आधी जाळी हलवतात. त्यांच्या या साध्या सवयीत जितके शहाणपण आहे तितके त्या बक्षिसात नव्हते.

एक प्रश्न उरतो, आणि मला तो या सगळ्यात सर्वांत अवघड वाटतो. सामायिक सड्यावरची जाळी कोणी तोडू नये हे कोण पाहणार? ग्रामपंचायतीचा ठराव होऊ शकतो. ठराव वहीत राहतात. किनाऱ्यावरच्या गावांत एके काळी हे काम राखणदाराकडे, म्हणजे सीमा राखणाऱ्या दैवताकडे, होते. गावच्या सीमेवर, एखाद्या जुन्या झाडाखाली, बहुधा कसल्याशा गच्च झुडपात त्याचे स्थळ. वर्षातून एकदा तिथे राखण द्यायची, गाऱ्हाणे घालायचे. त्या स्थळाभोवतीचा पाला कोणी तोडत नसे, वाळलेले लाकूडही उचलत नसे. देवराईतही तेच. वेंगुर्ल्याजवळच्या ज्या बागलांच्या राईत चि. त्र्यं. खानोलकर १९३० साली जन्मले त्या गावाच्या नावातच राई आहे. राखणदाराच्या या भीतीला आजच्या भाषेत संवर्धन म्हणून गौरवण्याची एक फॅशन आहे. मला ती थोडी खोटी वाटते. राखणदाराला घाबरणाऱ्याने बुलबुलाचा विचार केलेला नव्हता. आणि ज्याची भीती गेली आहे त्याला ती परत आणून देता येत नाही. ज्या गावात अजून राखण दिली जाते तिथे एका माणसाने मला सहज सांगितले, की स्थळाच्या अंगची जाळी आम्ही ठेवतो, पलीकडची सगळी मोडून काजू लावला. राखणदाराची हद्द आता त्याच्या चौथऱ्याएवढी झाली होती.

तेव्हा भरवसा ठेवायचा तो फायद्यावर, असे मला वाटू लागले आहे; थोड्या नाराजीने. करवंदांचा खोला विकणाऱ्या बायकांना ती जाळी हवी असते. त्यांच्या हातात हंगामात येणारा पैसा कोणत्याही योजनेतून आलेला नसतो. सड्याच्या कोणत्या भागातल्या जाळ्या राखायच्या हे ठरवायला त्यांना बसवले, तर ठराव वहीबाहेर येण्याची शक्यता आहे. आणि बाजारातल्या फळाची किंमत वाढली तर त्या जाळ्या ओरबाडल्याही जातील, ही भीतीही खरी. पाखरांचा वाटा वर, शेंड्याला, जिथे हात पोचत नाही तिथे उरतो. आजवर तो बहुतेक काट्यांनीच राखला आहे.

एवढे सगळे जमले तरी जाळी कायमची राहत नाही, हे लावणाऱ्याने आधीच समजून घेतलेले बरे. करवंदाला ऊन लागते. जाळीच्या पोटातले जांभूळ काही वर्षांनी डोके वर काढते, किंजळ त्याच्या मागून येतो, आणि पंधरा-वीस वर्षांत सावली इतकी होते की मधल्या करवंदाला फळे कमी धरू लागतात, मग फांद्या वाळतात. आतले करवंद मरते आणि कडेचे बाहेर, उन्हाकडे सरकते. ज्याने जाळी लावली त्याला एक दिवस तिथे जाळी सापडणार नाही. छोटीशी राई सापडेल आणि तिच्या सीमेवर करवंद. त्या सीमेपासून भातजमीन किती दूर ठेवायची हे लावतानाच ठरवलेले असावे, नाहीतर कोयता घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी तेव्हा वाद घालायला आपल्याकडे काही उरणार नाही.